म्हसोबाचा घोट

आकाराम पहिल्यांदा आमच्या केंद्रात आला तेव्हा त्यानं चपला बाहेर काढल्या, उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला आणि मला विचारलं, "बाई, हितं मारत्यात का?"

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"ल्योक म्हनला. दारू सोडवायला कोंडून घालत्यात आन मारत्यात."

"इथं कोंडत नाहीत आणि मारतही नाहीत. सकाळी यायचं, दुपारी घरी जायचं."

हे ऐकून त्याचा चेहरा खुलायला हवा होता. उलट तो पडला. "घरी व्हय?" एवढंच म्हणून तो कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला.

आमचं केंद्र वडूजला, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, एका बंद पडलेल्या पतसंस्थेच्या गाळ्यात आहे. सांगलीच्या एका ट्रस्टनं ते चालू केलं. पतसंस्थेच्या तिजोरीच्या खोलीत आता गोळ्या असतात. दारू सुटत नाही अशी माणसं इथं येतात आणि मन आजारी पडलंय अशीही येतात. बहुतेक वेळा दोन्ही एकाच माणसात येतं. आठवड्यातले चार दिवस यायचं, दारात यंत्रात फुंकून दाखवायचं, गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसून बोलायचं, ऐकायचं, गोळ्या न्यायच्या. बुधवारी घरच्या माणसाला बरोबर आणायचं. गुरुवारी सांगलीहून मानसोपचाराचे डॉक्टर येतात. भरती आम्ही करत नाही. माण-खटावच्या माणसाला महिनाभर भरती व्हा म्हटलं तर तो आधी विचारतो, शेरडांना पाणी कोण दाखवणार? आणि तो प्रश्न चुकीचा नसतो.

मी तिथली समुपदेशक, संयोगिता. समुपदेशक हा शब्द आमच्या भागात कुणाच्या जिभेवर बसत नाही, म्हणून मी नुसती बाई. आणखी एक सांगून टाकते: मला दारुड्यांचा मनापासून राग येतो. या कामात असं बोलू नये म्हणतात. पण ज्याला राग येत नाही त्यानं त्यांच्या बायकांचे हात कधी नीट बघितलेले नसतात. आकारामचाही मला सुरुवातीला रागच आला होता.

तो दहिवडीच्या पुढल्या एका गावचा. तिकडची निम्मी घरं मुंबईच्या पैशावर चालतात. हाही मिसरूड फुटायच्या आत वाशीच्या मार्केटात माथाडी म्हणून गेला आणि कांद्याची पोती उचलून उचलून त्याची मान खांद्यात रुतून बसली. टोळीतले सगळेच काम संपल्यावर घेत, तसा तोही घ्यायचा. बाकीचे घेऊन झोपायचे आणि सकाळी पाठीवर पोतं घ्यायचे. याला मात्र सकाळी उठवेना. शेवटी टोळीनं त्याला गावी पाठवून दिलं. त्याचा संसार एवढाच: मुंबईला कामाला असलेला पोरगा रोहन, लग्न होऊन सासरी गेलेली पिंकी, चार शेरडं आणि मुक्ताबाई, म्हणजे त्याची बायको.

त्याची खरी गोष्ट कळायला आम्हाला बरेच दिवस लागले. गटात तो बोलायचाच नाही. एकदा मी वैतागून म्हटलं, "आकारामभाऊ, इथं भिंती कमी नाहीत. आणखी एक कशाला?" तेव्हा तो हसला आणि म्हणाला, "बाई, दिस मावळाय लागला की हितं, छातीत, कायतरी येऊन बसतंय. बसतंय आन उटतच न्हाई. पोतं तरी खाली टाकता येतं. ह्ये कुटं टाकू?" दारू प्यायला लागायच्याही आधी, पोरवयापासून हे होतं. डॉक्टरांनी त्याला उदासीचा आजार म्हटलं. गावानं त्याला जन्मभर आळस म्हटलं होतं. दारू ही त्यानं स्वतःच शोधलेली गोळी होती, आणि सगळे मिळून त्या गोळीवर काठ्या मारत होते. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

मग त्याच्यावर दोन्ही उपचार सुरू झाले. उदासीची गोळी वेगळी. आणि दुसरी ती, दारूशी उभं वैर असलेली. ती पोटात असताना दारूचा घोट गेला तर माणूस लाल होतो, धाप लागते, उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो, जीवही जाऊ शकतो. ती गोळी आम्ही चोरून देत नाही. आकारामला सांगितलं, त्यानं हो म्हटलं, आणि मुक्ताबाईला समोर बसवून डॉक्टरांनी नीट समजावलं: रोज सकाळी चहानंतर तुमच्या हातानं द्यायची, आणि दारूला शिवू द्यायचं नाही. खोकल्याच्या औषधातही दारू असते, दाढीच्या लोशनमध्येही असते, तेही सांगितलं. मुक्ताबाईनं घरी जाऊन खोकल्याची बाटली उकिरड्यावर ओतली.

बाई म्हणजे मूठभर. अंगाला शेरडांचा वास, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि बोलणं असं की समोरच्यानं नांगी टाकावी. नवऱ्याच्या किती बाटल्या तिनं फोडल्या असतील याची गणती नाही. एकदा तर मुसळ घेऊन त्याच्या मागं लागली होती. पण गोळीच्या बाबतीत ती डॉक्टरांच्या वरताण. ताप असो, पाहुणे असोत, सकाळी चहा झाला की गोळी त्याच्या जिभेवर आणि तोंड उघडून दाखवायचं. "वासराला बी येवढं बघत न्हाई मी," असं ती सगळ्यांसमोर म्हणायची आणि आकाराम लाजायचा.

हळूहळू तो उमलला. गटात ज्ञानू म्हणून एक निवृत्त फौजी होता, त्याच्या लढाया रोज वाढत. आकाराम त्याला म्हणायचा, "गड्या, त्या शिखरावर तू गेलतास का तुझी रम गेलती?" सगळा गट हसायचा, ज्ञानूसुद्धा. संध्याकाळची वेळ मोकळी ठेवायची नाही म्हणून आम्ही त्याला शेरडं उशिरा चारायला न्यायला सांगितलं. तो नेऊ लागला. रक्ताची तपासणी झाली, डॉक्टर म्हणाले, लिव्हर सुधारतंय, असाच राहिला तर म्हातारा होईल हा माणूस. आणि एका मंगळवारी, कुणी विचारलं नसताना, आकाराम गटात म्हणाला, "काल दिस मावळला, आन मला कळलंबी न्हाई."

गटानं टाळ्या वाजवल्या. मी गोळ्यांच्या खोलीत जाऊन रडले. एवढ्या वर्षांत असं वाक्य मी ऐकलं नव्हतं.

त्यानंतर एका बुधवारी मुक्ताबाई खोबऱ्याचा तुकडा आणि साखर घेऊन आली. "बाई, ऐतवारी घरी यायचं. नवस फेडायचा हाय."

शेताच्या बांधावर त्यांच्या भावकीचा म्हसोबा आहे, शेंदूर फासलेला एक दगड. आकाराम मुंबईहून परतला त्या वर्षी तिनं म्हसोबाला बोलून ठेवलं होतं: मालकाची दारू सुटू दे, बकरं देईन. आता सुटली होती.

"हे बरं आहे," मी म्हटलं. "डोकं आम्ही फोडायचं आणि बकरं म्हसोबाला."

"तुमाला बी रश्शाची वाटी हाय की," ती म्हणाली. इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती.

मी तिला स्पष्ट विचारलं, जेवणावळीला दारू नाही ना? ती माझ्या अंगावरच आली. "छ्या! काय बोलताय बाई? भावकीला आधीच सांगितलंय, पिऊन कुनी आलं तर भरल्या ताटावरनं उटवीन." ती खोटं बोलत नव्हती. तिच्याइतकी खरी बाई मी पाहिलेली नाही.

रविवारी दुपारी मी खच्चून भरलेल्या वडापच्या जीपनं गेले. गावाबाहेरूनच ढोल ऐकू येत होता. बांधाकडं चालत गेले तर रश्शाचा वास सगळीकडं पसरलेला, बाया भाकरी थापतायत, आणि लिंबाखाली गर्दीचं कडं. आपलं माणूस बरं झाल्याचं कौतुक चाललंय अशा समजुतीनं मी हसत हसत कड्यात शिरले.

आत आकाराम होता. त्याचा चेहरा आणि छाती लालभडक झाली होती, डोळे तारवटले होते, सदऱ्याची बटणं तुटली होती. तो श्वासासाठी तोंड वासत होता, डुलत होता, छातीवर मुठी मारत होता. त्याचा थोरला भाऊ भाऊसो त्याच्या कपाळाला गुलाल लावत ओरडत होता, "देव आला! बोला देवा, नवस पावला का?" मग ढोल आणखी जोरात. आणि मुक्ताबाई हात जोडून समोर उभी होती, तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागल्या होत्या, आणि ती आनंदानं रडत होती.

"काय दिलंत यांना?" मी तिचा दंड धरून विचारलं.

"काय न्हाई बाई. तीर्थ दिलं."

"कसलं तीर्थ?"

तिनं सांगितलं. म्हसोबाला बकऱ्याबरोबर बाटली लागते, ती पहिल्यापासूनची रीत. निम्मी दगडावर ओतायची, उरलेल्यातली ओंजळभर ज्याच्यासाठी नवस असेल त्यानं घ्यायची. बाटली ती स्वतः जाऊन घेऊन आली होती. जन्मात ज्या दुकानाच्या नावानं बोटं मोडली, त्या दुकानात डोक्यावर पदर घेऊन गेली होती. आणि सकाळी चहानंतर गोळीही दिली होती, तोंड उघडून बघितलं होतं.

"मुक्ताबाई, ती दारू आहे!"

"आवं, दारू कुटली? देवाचं हाय त्ये."

मला काय झालं कुणास ठाऊक. मी ढोलवाल्याच्या हातातली काठी हिसकली आणि लांब फेकली. "हा माणूस मरतोय," मी ओरडले. "देव नाही आला, गोळी आलीय!" बायका दचकून मागं सरल्या. भाऊसो म्हणाला, "बाई, शहरातली हायसा, गप ऱ्हावा, देवाचा कोप व्हईल." मी इथलीच, याच जिल्ह्यातल्या उंब्रजची आहे हे सांगायची ती वेळ नव्हती. तेवढ्यात आकाराम भडाभडा ओकला आणि आडवा झाला. रोहन सुट्टीवर आलेला होता. त्यानं एकदा माझ्याकडं आणि एकदा चुलत्याकडं बघितलं, आणि बापाला खांद्यावर टाकून जीपकडं पळाला.

सरकारी दवाखान्यात सलाईन लागलं, ऑक्सिजन लागला, आणि आकाराम वाचला. जरा बोलता यायला लागल्यावर मी त्याला विचारलं, तुम्हाला तर माहीत होतं, मग का घेतलं? तो छताकडं बघत म्हणाला, "नगं म्हनलं मी. दादा म्हनला, देवाचा मान मोडलास तर पोरावर जाईल. मग डोळं झाकलं आन घेतलं." मला त्याच्यावर चिडता येईना.

वाचला म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला, पण तिथूनच सगळं फिरलं. गावानं आपल्या परीनं अर्थ लावला. आकारामच्या अंगात देव आला होता, आणि वडूजच्या बाईनं सुई टोचून तो घालवला. आणि माणूस मरायला टेकला तो गोळीमुळं, हे तर बाईनं आपल्या तोंडानंच सांगितलं. हे शेवटचं खोटंही नव्हतं, म्हणून जास्त बोचलं. मुक्ताबाईनं सगळ्या गोळ्या, उदासीच्यासुद्धा, उकिरड्यावर फेकल्या. आकाराम यायचा बंद झाला. आम्ही फोन केले, एकदा डॉक्टरांनी केला. पालथ्या घड्यावर पाणी.

काही महिन्यांनी न राहवून मी अमावास्येच्या दिवशी त्याच्या गावी गेले. बांधावर लिंबाखाली पन्नासेक माणसं बसली होती. दगडाशेजारी घोंगडीवर आकाराम. कुणाची म्हैस आटली होती, कुणाच्या पोरीचं जमत नव्हतं, कुणाचा पोरगा मुंबईहून फोन करत नव्हता. प्रत्येकजण बाटली घेऊन आलेला. भाऊसो ती दगडावर थोडी ओतायचा आणि बाकीची भावाच्या ओंजळीत. आता गोळी पोटात नव्हती, त्यामुळं आकाराम लाल होत नव्हता. नुसता डुलायचा आणि दोन शब्द बोलायचा. ज्या माणसाला गावानं कधी ओट्यावर बसू दिलं नव्हतं, त्याच्या पायांवर पाटलांच्या घरचे डोकं ठेवत होते.

गर्दी पांगल्यावर मी त्याच्याजवळ बसले. त्याचे डोळे पिवळे झाले होते, पोट वर आलं होतं.

"आकारामभाऊ, तुमच्या अंगात कोण येतं?"

"कोन बी येत न्हाई, बाई." त्यानं इकडंतिकडं बघून आवाज खाली घेतला. "मला ठावं हाय की. पन तुमच्याकडं आलो तर मी पेशंट. घरात आलो तर दारुडा. हितं बगा, मला कोन काय म्हनतंय."

"मराल तुम्ही."

"मरंन. पन संध्याकाळ जाती."

मी त्याला ज्ञानू फौजी आठवण काढतो म्हणून सांगितलं, सगळं पहिल्यापासून सुरू करू म्हणाले, गाडी पाठवते म्हणाले. तो नुसती मान डोलवत राहिला, जसा लोकांच्या प्रश्नांना डोलवायचा. मग म्हणाला, "बाई, मुक्तीला काय सांगू नका. तिला वाटतंय, देव पावला." मी उठले. असा हताशपणा मला माझ्या सख्ख्या माणसांच्या मरणातही आला नव्हता.

पौषात तो गेला. रक्ताच्या उलट्या झाल्या आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच संपलं. म्हसोबाशेजारी त्याची समाधी बांधायचं भावकीत घाटतंय असं कानावर आलं.

तीन-चार महिन्यांनी, एका बुधवारी, घरच्या माणसांची बैठक चालू असताना मुक्ताबाई दारात दिसली. कपाळ मोकळं होतं. बैठक संपेपर्यंत ती पायरीवर बसून राहिली. मग आत आली, पाणी नको म्हणाली.

"बाई, एकच इचारायचं हाय. खरं सांगा. म्या नवस बोलले नसते तर मालक जगलं असतं का?"

तिचे हात मांडीवर होते, एकमेकांत घट्ट अडकवलेले. मी त्या हातांकडं बघितलं. गेलेला माणूस गेला होता. या बाईला अजून जगायचं होतं, त्याच घरात, त्याच बांधाला लागून.

"नाही," मी म्हटलं. "त्यांचं लिव्हर आधीच गेलेलं होतं. नवसाचा काही संबंध नाही."

तिनं डोळे मिटले आणि केवढा तरी मोठा श्वास सोडला. तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. मला बरं वाटलं. खोटं बोलून इतकं बरं वाटेल असं वाटलं नव्हतं.

"मग जमलं," ती पदर सावरत उठली. "रोज मनाला खात व्हतं. आता आजच बोलते."

"काय बोलता?"

"नवस. रोहनसाटी. बापाच्या दिवसाला आला त्यो परत कामावर गेलाच न्हाई. भावकी म्हनली, देवाची जागा रिकामी ठिवायची नसती, म्हून त्याला बसवलाय घोंगडीवर. अमुशाला घ्यायचा, आता रोज घेतोय. त्याची सुटली की म्हसोबाला दोन बकरी देनार हाय."

ती दाराकडं वळली होती. मी जाऊन तिचा हात धरला.

"बसा, मुक्ताबाई."

ती बसली. मग मी तिला सगळं सांगितलं. लिव्हर सुधारत होतं ते सांगितलं. त्यांची संध्याकाळ सुखाची जायला लागली होती ते सांगितलं. ओंजळीतली दारू ही दारूच होती, देवाची असली तरी, आणि त्या दुपारपासूनच तो माणूस हातचा गेला, हे सांगितलं. रोहनला इथं घेऊन या, आजच, म्हसोबाकडं नको, असं किती वेळा म्हणाले कुणास ठाऊक.

"म्हंजे म्याच मारलं त्यास्नी?" शेवटी तिनं विचारलं.

नाही म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण नाही म्हटलं असतं तर ती सरळ बांधावर गेली असती.

"हो," मी म्हणाले.